नीलकंठराव साळिंदरांची पहिली चूक

मुलांनो, मांडी घालून बसा. हात धुतलेत ना? मग ऐका.

एका जंगलात दुपारचे तीन वाजले की सगळ्या बायका तळ्यावर जमायच्या. पाणी भरायला जातो, असं त्या घरी सांगायच्या. पाणी पाच मिनिटांत भरून व्हायचं आणि बायका पाच वाजेपर्यंत बसायच्या. कारण तिथे एक खेळ चालायचा. खेळाचं नाव, 'आमच्या ह्यांनी काल काय केलं'.

हे जंगल तसं पुढारलेलं होतं. दूध पिशवीतून यायचं. पीठ पाकिटातून यायचं. मधसुद्धा बाटलीतून यायचा. मधमाश्या होत्या, पण त्या आता कारखान्यात नोकरीला लागल्या होत्या. आणि नुकतीच अशी रीत पडली होती की नवऱ्यांनीही स्वयंपाकघरात मदत करायची. नवरे आत आले, पाकिटं आत आली, आणि दोघांची गाठ पडली.

खेळात पहिला नंबर नेहमी इंदूवहिनींचा. इंदूवहिनी म्हणजे अस्वलीण. त्यांचे यजमान भालचंद्रराव स्वभावाने अगदी लोण्यासारखे. सांगाल ते काम करायला एका पायावर तयार. तीच तर पंचाईत होती.

"काल ह्यांना म्हटलं, कोथिंबीर निवडून ठेवा," इंदूवहिनी सांगायच्या. "दोन जुड्या समोर ठेवल्या आणि मी आंघोळीला गेले. येऊन बघते तर हे हाताची घडी घालून बसलेले. म्हणतात, 'ही निवडली. दुसरी जरा कोमेजलेली वाटली.'"

सगळं तळं हसायचं.

"वहिनी, ते ताकाचं सांगा ना!" कालिंदीताई म्हणायची. ही माकडीण. तिला सगळ्यांच्या गोष्टी पाठ, तरी पुन्हा ऐकायच्या असायच्या.

"ताकाच्या पिशवीवर लिहिलं होतं, वापरण्यापूर्वी चांगले हलवा. ह्यांनी आधी पिशवी उघडली. मग हलवली. मी म्हटलं, अहो, हे काय! तर अंगावरून ताक ओघळतंय आणि मलाच विचारतात, 'वापरण्यापूर्वीच हलवली ना? उघडण्यापूर्वी, असं कुठे लिहिलंय?'"

"आणि बिस्किटं?"

"थंड व कोरड्या जागी ठेवा, असं होतं. हे पुडा घेऊन टेकडीच्या टोकावर गेले आणि तिथे ठेवून आले. तीन तास लागले. चहा गार झाला आणि बिस्किटं टेकडीवर."

कडेला सुलभाबाई साळिंदरीण बसलेल्या असायच्या. त्याही हसायच्या, पण हसता हसता घागर जवळ ओढून घ्यायच्या. कारण थोड्या वेळाने त्यांची पाळी यायची.

"सुलभा, तुझं काय गं?"

"काही नाही. काल ह्यांनी वरण केलं."

"मग?"

"चांगलं झालं."

एखादा बेडूक घसा खाकरायचा. मग इंदूवहिनी मायेने म्हणायच्या, "असू दे हो. प्रत्येकीच्या नशिबात नसतं."

मुलांनो, सुलभाबाईंचे यजमान नीलकंठराव साळिंदर कधी चुकतच नसत. पिशवीवर 'इथून कापा' लिहिलं असेल तर ते इथूनच कापत. उरलेलं पाकीट दोनदा दुमडत आणि स्वतःच्या पाठीचा गळलेला काटा खोचून बंद करत. त्यांच्या घरात प्रत्येक डब्यावर त्याच डब्याचं झाकण असायचं. असलं घर तुम्ही पाहिलंय? नाही ना? सुलभाबाई रोज पाहत होत्या आणि त्यांना रडू येत होतं.

एके दिवशी त्या तळ्यावरून आल्या आणि घागर आपटून म्हणाल्या, "अहो, तुम्ही एकदा तरी काहीतरी चुकवा ना."

नीलकंठराव भेंडी पुसत होते. आधी पुसायची, मग चिरायची, हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"काय चुकवू?"

"काहीही."

"किती वाजेपर्यंत हवंय?"

सुलभाबाईंनी कपाळाला हात लावला. पण नीलकंठराव भले गृहस्थ होते. बायकोने काही मागितलं आणि त्यांनी केलं नाही, असं झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं.

"पाव चमचाच घातलंय," ते म्हणाले. "जास्त घातलं असतं तर चहा वाया गेला असता."

"ही चूक माझ्या आजीच्या वेळची," सुलभाबाई म्हणाल्या. "तळ्यावर कुणी मान वर करून बघायचं नाही."

तिसऱ्या दिवशी त्यांनी वेड्यावाकड्या पोळ्या लाटल्या. दहा पोळ्या केल्या. दहाही वाकड्या, पण सगळ्या एकसारख्या वाकड्या. एकीवर एक ठेवल्या तर कडा तंतोतंत जुळत होत्या.

चौथ्या दिवशी त्यांनी दुधाची पिशवी मुद्दाम मधोमध फाडली. पण आधी खाली पातेलं ठेवलं होतं. एक थेंब सांडला नाही.

"तुमच्या हातून नाही व्हायचं," सुलभाबाई म्हणाल्या. नीलकंठराव अपराध्यासारखे उभे राहिले. चूक न जमल्याबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटत होतं.

मग सुलभाबाईंनी जे करू नये ते केलं. दुसऱ्या दिवशी तळ्यावर त्या सगळ्यांच्या आधी बोलल्या.

"काल आमच्या ह्यांनी पीठ चाळलं. आणि काय केलं माहितीये? कोंडा डब्यात भरला आणि पीठ फेकून दिलं!"

एक क्षण सगळ्या हसल्या. कालिंदीताईने तर मांडीवर थाप मारली. सुलभाबाईंना आयुष्यात पहिल्यांदा मधोमध बसल्यासारखं वाटलं. अंगात ऊब आली.

तेवढ्यात इंदूवहिनी म्हणाल्या, "अगं, हे तर आमच्या ह्यांनी केलं होतं. गेल्या आषाढात."

हसू थांबलं.

"चोरी करावी, पण दुसरीच्या नवऱ्याची चूक चोरावी का?" इंदूवहिनी घागर उचलत म्हणाल्या. त्या दिवशी खेळ चार वाजताच मोडला.

सुलभाबाई घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. नीलकंठरावांनी पाणी दिलं. पेला बरोबर भरलेला होता, काठाच्या एक बोट खाली. ते बघून त्यांना आणखीनच हुंदका आला.

नीलकंठराव बराच वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, "सुलभा, मला जे येत नाही ते मी ज्याला येतं त्याच्याकडून शिकतो. चल, भालचंद्ररावांकडे जाऊ."

सुलभाबाईंना जरा शंका आली होती. पण त्या गेल्या.

इंदूवहिनी बाजारात गेल्या होत्या. भालचंद्रराव एकटेच घरी होते आणि मटार सोलत होते. सालं एका वाडग्यात होती, दाणे दुसऱ्या वाडग्यात होते, आणि ते दाण्यांचा वाडगा केराच्या टोपलीकडे घेऊन चालले होते.

"या, या!" ते म्हणाले. "बसा. चहा करतो."

"नको नको!" सुलभाबाई घाईने म्हणाल्या.

नीलकंठराव सरळ मुद्द्यावर आले. "भालचंद्रराव, मला चुका करायला शिकवा."

"कसल्या चुका?"

"स्वयंपाकातल्या. तुम्ही करता तशा. ते कोथिंबिरीचं, ताकाचं, टेकडीवरच्या बिस्किटांचं. मला जमत नाही हो."

सुलभाबाईंनी नवऱ्याच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

भालचंद्ररावांनी वाडगा खाली ठेवला. "त्या चुका होत्या?"

नीलकंठरावांनी चष्मा काढून पुसला.

"तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

नीलकंठरावांना खोटं बोलता येत नव्हतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. सुलभाबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "तळ्यावर बोलणं निघतं कधीकधी."

"कधीकधी म्हणजे?"

"रोज."

"सगळ्यांना माहितीये? माकडांनासुद्धा?"

"माकडांनी नक्कल बसवलीये," सुलभाबाई अगदी हळू म्हणाल्या.

एवढं मोठं अस्वल, पण बसल्याजागी लहान झाल्यासारखं दिसू लागलं. "मला वाटायचं, मी तिला मदत करतो," भालचंद्रराव म्हणाले. "ती घरी कधी काही बोलली नाही. नुसती हसायची. मला वाटायचं, खूश आहे."

सुलभाबाईंचे काटे शरमेने आडवे झाले. इतके दिवस त्या ज्याला हसत होत्या, तो चुलीपाशी एवढा आशेने उभा राहत असेल हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

भालचंद्ररावांनी नाक पुसलं आणि मान वर केली. "नीलकंठराव, चुका राहू द्या. तुम्हीच मला शिकवा."

झालं! नीलकंठरावांचे डोळे चमकले. त्यांनी केराच्या टोपलीजवळचा वाडगा उचलला आणि म्हणाले, "हे बघा. हे गोल, हिरवे असतात ना, ते खायचे."

वर्ग सुरू झाला. आधी एकटे भालचंद्रराव होते. मग त्यांनी शेजारच्या जाळीत राहणाऱ्या रानडुकराला आणलं, रानडुकराने माकडाला आणलं, आणि महिनाभरात वडाखाली चाळीस नवरे पाकीट हातात धरून बसू लागले. 'आधी वाचा, मग उघडा' असं सगळे एका सुरात म्हणायचे. नीलकंठराव छडी म्हणून पाठीचा एक काटा वापरायचे. पण तो कुणावर उगारायची वेळच आली नाही. नवरे मठ्ठ नव्हते हो. त्यांना कुणी नीट बसवून सांगितलंच नव्हतं.

आणि तळ्यावर काय झालं?

"काल ह्यांनी पुरणपोळी केली," इंदूवहिनी म्हणाल्या.

सगळ्या पुढे सरकल्या. "मग?"

"चांगली झाली."

"फुटली नाही?"

"नाही."

"पुरण सैल झालं असेल."

"नाही गं," इंदूवहिनी रडवेल्या होऊन म्हणाल्या. "माझ्यापेक्षा चांगली झाली."

कालिंदीताईने सांगितलं की तिच्या यजमानांनी डाळीचं पाकीट उघडलं, डाळ डब्यात भरली आणि वर तारीख लिहून ठेवली. ऐकून दोघी-तिघींनी डोळ्याला पदर लावला. चार दिवस बायका तळ्यावर नुसत्या बसून राहिल्या. हातात काम नाही, तोंडात विषय नाही. आणि अशा रिकामपणात, मुलांनो, माणूस इकडेतिकडे बघायला लागतो.

पाचव्या दिवशी कालिंदीताई म्हणाली, "काय गं, तळ्याचं पाणी कमी झालंय का?"

सगळ्यांनी पाहिलं. पाणी चांगलं दोन हात खाली गेलं होतं.

"कधीपासून?"

"आखाजीपासून, अक्षय्य तृतीयेपासून," सुलभाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी माना वळवल्या. सुलभाबाई इतकी वर्षं नुसत्या ऐकत बसल्या होत्या. बोलायला काही नसायचं म्हणून त्यांनी सगळं लक्षात ठेवलं होतं. "आखाजीला सिंहमहाराजांच्या बागेत कारंजं सुरू झालं. तेव्हा ह्या बाजूने पाट खणला होता. वहिनी, तुम्ही त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्यांची गोष्ट सांगत होतात."

"अगंबाई! खरंच की."

"आणि नदीवरच्या पुलाचं उद्घाटन तीनदा झालं," सुलभाबाई पुढे म्हणाल्या. "मी तिन्ही वेळा पेढा खाल्ला. पूल कुठंय?"

पूल कुठेच नव्हता. सगळ्या रोज नदी पोहून येत होत्या आणि कुणाला काही वाटलं नव्हतं.

त्या आठवड्यात तळ्यावर इतके प्रश्न निघाले की सुलभाबाईंना ते वडाच्या पानांवर लिहून घ्यावे लागले. आणि सोमवारी सगळ्या बायका महाराजांच्या गुहेसमोर जाऊन उभ्या राहिल्या. पुढे इंदूवहिनी, कारण त्या दिसायला भारदस्त. बोलणार होत्या सुलभाबाई.

"महाराज," सुलभाबाई म्हणाल्या. त्यांचे काटे ताठ होते. "तळ्याचं पाणी कुठे जातं? आणि नदीवरचा पूल कुठे आहे?"

सिंहमहाराजांनी जांभई देऊन पाहिली. आयाळ हलवून पाहिली. बायका हलल्या नाहीत.

"समिती नेमतो," महाराज म्हणाले. "दोन आठवड्यांनी या."

"येऊ," सुलभाबाई म्हणाल्या.

बायका गेल्यावर गुहेत काय बोलणं झालं ते दारातल्या खारीने ऐकलं आणि तिने मला सांगितलं.

"प्रधानजी," महाराज कोल्ह्याला म्हणाले, "ह्या बायकांना एवढा वेळ कुठून मिळाला?"

"महाराज, त्यांचे नवरे सुधारलेत."

"कुणाला विचारून?"

"तो नीलकंठ साळिंदर वर्ग घेतो."

"टाका तुरुंगात!"

"नको, महाराज," कोल्हा म्हणाला. "तो तिथल्या स्वयंपाकघरात शिरेल आणि मग कैदी सुटायला तयार होणार नाहीत. त्यापेक्षा सोपं आहे. पाकिटांचा कारखाना आपलाच आहे ना?"

महाराज हसले. दात दिसले.

पुढच्याच आठवड्यात दुकानात 'नवीन सुधारित पाकीट' आलं. चकचकीत होतं. त्यावर 'इथून कापा' ही रेघ होतीच, फक्त ती कापली तर काही उघडायचं नाही. सूचना मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत होत्या. बिस्किटांच्या पुड्यात ओल शोषणारी एक छोटी पुडी असायची, तिच्यावर पूर्वी 'खाऊ नका' लिहिलेलं असे. आता 'खाऊ' मोठ्या लाल अक्षरांत आणि 'नका' भिंगातून दिसेल एवढं.

पहिल्याच दिवशी भालचंद्ररावांनी अशा सहा पुड्या फोडून पाहुण्यांसमोर बशीत मांडल्या. "कंपनीने वर खाऊही दिलाय," असं ते कौतुकाने म्हणाले. पाहुण्यांनी तोंडात टाकायच्या आत इंदूवहिनींनी बशी हिसकावली म्हणून बरं.

आणि शुक्रवारी दुपारी नीलकंठरावांनी तेलाची पिशवी हातात घेतली.

आधी त्यांनी सूचना वाचल्या. वाचता आल्या तेवढ्या वाचल्या. मग कात्रीने बरोबर रेघेवर कापलं. पिशवी उघडली नाही. आणखी एक बोट खाली कापलं. उघडली नाही. मग त्यांनी दोन्ही हातांनी ती जराशी, अगदी जराशी ओढली.

सुलभाबाई बाहेरून धावत आल्या तेव्हा सगळं तेल जमिनीवर होतं. नीलकंठराव त्यावरून घसरून पाठीवर पडले होते, आणि ते पडले होते नेमके बटाट्यांच्या पाटीत. ते उठून उभे राहिले. पाठीवर चौदा बटाटे रोवलेले होते.

सुलभाबाईंनी तोंडावर हात धरला. पण हसू आलंच. भिंतीला धरून त्या हसत सुटल्या.

नीलकंठराव हसले नाहीत. तेलाने निथळत, चौदा बटाटे पाठीवर घेऊन त्यांनी पिशवी उजेडात धरली.

"सुलभा, हे बघ. रेघेच्या खाली आणखी एक थर चिकटवलाय. मी आजवर शेकड्यांनी पिशव्या कापल्या, असं कधी नव्हतं. आणि तारीख बघ. तुम्ही महाराजांना पुलाचं विचारलंत ना, त्यानंतर तीन दिवसांनी ही छापलीये. सगळ्याच पाकिटांत केलंय हे. मुद्दाम केलंय."

सुलभाबाईंचं हसू थांबलं. एक क्षण त्यांच्या पाठीवरचा काटा न् काटा उभा राहिला. त्यांनी पिशवीकडे पाहिलं. तारखेकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं. नीलकंठराव कधी चुकत नसत, हे त्यांच्याएवढं जंगलात कुणाला ठाऊक होतं?

मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजायला दहा मिनिटं होती.

"तुम्ही बटाटे काढा," त्या म्हणाल्या. "मी आलेच."

तळ्यावर नुसता गोंधळ चालला होता. सगळ्या एकदम बोलत होत्या. इंदूवहिनींची बशी सांगून झाली, कालिंदीताईच्या घरी फुटून डोळ्यांत उडालेलं मसाल्याचं पाकीट सांगून झालं. चेहरे कसे फुलले होते! तेवढ्यात कुणीतरी नेहमीसारखं विचारलं, "सुलभा, तुझं काय गं?"

सुलभाबाई घागर ठेवून मधोमध बसल्या आणि त्यांनी सांगितलं. पिशवी सांगितली, घसरणं सांगितलं, बटाटे एकेक करून सांगितले. इंदूवहिनींना ठसका लागला. अशी गोष्ट तळ्यावर आजवर झाली नव्हती, असं सगळ्यांचं मत पडलं.

हळूहळू हसू ओसरायला लागलं. सुलभाबाईंना ते ओसरू द्यायचं नव्हतं. फार वर्षांनी मिळालं होतं हो. त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या,

"आणि वर म्हणतात काय माहितीये? म्हणे चूक माझी नाही! म्हणे आपण पुलाचं विचारलं म्हणून महाराजांनी मुद्दाम पिशव्या बदलल्या!"

"बाई बाई बाई!" इंदूवहिनी पोट धरून म्हणाल्या. "पाठीवर चौदा बटाटे, आणि म्हणे महाराजांचा हात!"

सगळं तळं असं हसलं की गुहेपर्यंत ऐकू गेलं. तिथे महाराजांनी कूस बदलली आणि परत डोळे मिटले. कालिंदीताई तर हसता हसता तळ्यात पडली. पण ती बुडली नाही. पाणी आता घोट्याएवढंच उरलं होतं.

"मग? पुढे काय झालं?" चिखलातूनच तिने विचारलं.

आणि सुलभाबाई पुढे सांगू लागल्या.

तात्पर्य: मुलांनो, पाकीट उघडलं नाही तर बायकोने नवऱ्याला हसावं, नवऱ्याने स्वतःला दोष द्यावा, आणि पाकीट कुणी बनवलं हे दोघांनीही विचारू नये. एवढं पाळलं तर घरात हसू राहतं आणि गुहेत झोप. पाण्याचं काय, ते कुणीतरी पिशवीतून विकेलच. तिच्यावर 'इथून कापा' असं लिहिलेलं असेल.